आंबा घाट आणि स्वयंचलित मोटार

रत्नागिरीकराच्या नशिबीं घाट लिहिलेलाच आहे. पुढें समुद्र व पाठीशीं सह्याद्रि अशी आमच्या जिल्ह्याची ठेवण असल्यामुळें देशावर जावयाचें तर एखादा घाट चढल्यावांचून गत्यंतर नाहीं. कोल्हापूरची वाट आंबा घाटानें जाते. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा हीं गांवें मागें पडलीं कीं सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते, आणि रस्ता वळणें घेत घेत शाहूवाडी तालुक्यांतील आंबा गांवाशीं माथ्यावर पोहोंचतो. पूर्वीं २०४ व हल्लीं १६६ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग आम्हीं एस. टी. च्या खिडकींतून किती वेळां पाहिला, त्याची गणती नाहीं. परंतु गेल्या मार्गशीर्षांतील एका प्रवासानें या घाटानें आम्हांस जो धडा दिला, तो वाचकांच्या घरींही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

कोल्हापुरास आप्तांकडे लग्नकार्य होतें. चि. पुतण्यानें नुकतीच स्वयंचलित गिअरची मोटार घेतली होती. तिच्यांत पुढें आम्ही, मागें सौभाग्यवती, वहिनी व पांच वर्षांची नात अशी मंडळी बसून निघालों.

स्वयंचलित गिअर ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठीं ‘हायड्रामॅटिक’ नांवाची अशी गिअरपेटी आणली. आपल्याकडे २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर ‘ए. एम. टी.’ हा स्वस्त प्रकार आला आणि मध्यम स्थितींतील घरांच्या दारांतही अशी गाडी दिसूं लागली. या प्रकारांत गिअर व क्लच जुन्या धर्तीचेच असतात; केवळ चालकाच्या हातापायांचें काम संगणकाच्या हुकुमानें चालणारी यंत्रणा करिते. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ प्रकारांत क्लचच्या जागीं तेलाचें भांडें असून एका चक्रानें ढकललेलें तेल दुसऱ्या चक्रास फिरवितें. ‘सी. व्ही. टी.’ मध्यें पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नसतातच. दोन कप्प्या व त्यांवरील पट्टा यांच्या योगें वेगाचें प्रमाण अखंड बदलत राहतें. आमची गाडी पहिल्या प्रकारची होती. ती कोणाच्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें घडलें त्यांत दोष गाडीचा नव्हता.

साखरपा सुटला व चढ लागला. प्रत्येक वळणावर पुतण्यानें पाय सैल केला कीं गाडीस वाटे, ओझें कमी झालें. ती वरचा गिअर घेई. वळण संपतांच पुन्हां चढ, म्हणून पुन्हां खालचा गिअर. या बदलांत क्षणभर ओढ तुटे आणि गाडी दमेकऱ्याप्रमाणें थांबून श्वास घेई. पुढें एका लॉरीमागें उभें राहावें लागलें, तेव्हां ब्रेकवरून पाय उचलतांच गाडी वीतभर मागें सरली. वहिनींनीं देवाचें नांव घेतलें. मग पुतण्यानें ॲक्सिलरेटर किंचित् दाबून गाडी चढावर तोलून धरली. पण अशानें क्लच घासत राहून तापतो. त्याचा जळका वास आल्यावर त्यानें हातब्रेक ओढला, दांडी ‘एम’ खुणेवर नेऊन पहिला गिअर घातला आणि पुढें दुसऱ्याच गिअरवर माथा गांठला. तेलाच्या प्रकारच्या गाडीस ब्रेक सोडल्यावरही थोडी पुढली ओढ असते, म्हणून ती सौम्य चढावर सहसा मागें येत नाहीं. कित्येक नव्या गाड्यांत चढावर ब्रेक दोन-तीन सेकंद आपोआप धरून ठेवण्याची सोय असते; पण ती तेवढ्यापुरतीच.

खरी परीक्षा परततांना झाली. लग्न आटोपून आम्ही तिसऱ्या प्रहरीं घाट उतरूं लागलों. पुतण्याचा हात दांडीकडे गेला, तोंच आम्ही म्हणालों, “अरे, उतारावर इंजिन कशाला शिणवितोस? यंत्र शहाणें आहे, त्याला त्याचें काम करूं दे.” मुलगा वडील माणसाचा शब्द मोडणारा नव्हे. त्यानें हात मागें घेतला. ॲक्सिलरेटरवरून पाय निघालेला पाहून गाडीनें इंधन वांचविण्यासाठीं वरचा गिअर घेतला; इंजिनाचा आवर कमी झाला आणि सारा भार ब्रेकवर आला. घाट निम्मा उतरलों असूं, इतक्यांत तोच जळका वास आला. पुतण्या हलकेंच म्हणाला, “काका, ब्रेक खोल जातो आहे.” मागें नात आजीच्या मांडीवर झोंपली होती. तें वाक्य आम्ही जन्मांत विसरणार नाहीं.

सुदैवानें वेग फार नव्हता. त्यानें खालचा गिअर घेतला, हातब्रेक हळूहळू ओढला व रुंद जागा पाहून गाडी कडेला उभी केली. तेथें एक वृद्ध लॉरीचालक विसांवला होता. चाकांकडे पाहून तो म्हणाला, “गुरुजी, ज्या गिअरनें चढायचं, त्याच गिअरनें उतरायचं. पाणी ओतूं नका, आपोआप निवूं द्या.”

या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे. सतत दाबलेला ब्रेक तापला कीं त्याची पकड घटते. आंतील द्रवांत ओलावा असल्यास त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पाय खोल जातो. खालच्या गिअरांत मात्र इंजिनच चाकांस मागें ओढून धरतें. तो गिअर माथ्यावरच घ्यावा. वेग फार वाढल्यावर इंजिनाच्या रक्षणासाठीं गिअरपेटी तो नाकारूं शकते. ‘न्यूट्रल’ मध्यें तर घाट कधींच उतरूं नये.

अर्ध्या तासानें दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला मधूनमधूनच स्पर्श करीत, आम्ही सुखरूप खालीं आलों. रत्नागिरींत आमच्या घरापुढील गल्ली उताराची आहे. पुतण्यानें गाडी गिअरमध्यें ठेवून हातब्रेक पक्का ओढला. ज्या गाड्यांस ‘पी’ खूण असते, त्यांतही आधीं हातब्रेक ओढून मग ‘पी’ घालावें, नाहींतर गाडीचा भार आंतील एका लहानशा खिटीवर पडतो.

कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत बुद्धीला सारथि म्हटलें आहे. आम्हीं तें चाळीस वर्षें वर्गांत शिकविलें, आणि घाटांत मात्र सारथ्याला लगाम सोडावयास सांगितलें. गिअरपेटीला चाकांचा वेग कळतो, क्वचित् उतारही कळतो. पुढील वळण व मागें झोंपलेलें मूल तिला कळत नाहीं. तें ज्याला कळतें, त्याचा हात दांडीकडे जात असेल तर वडील मंडळींनीं तो अडवूं नये.