रिकामा ऑर्केस्ट्रा

शुक्रवार होता. दुपारी जुम्याची नमाज पढून ऑफिसला परतलो आणि रात्री साडेनऊला बाणेरमधल्या एका कराओके बारच्या दारात उभा होतो. टीममधली एक मुलगी नोकरी सोडून बंगळुरूला निघाली होती, तिची निरोपाची पार्टी. मी अशा ठिकाणी सहसा जात नाही. ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथं बसू नये, असं अम्मी हदीसच्या हवाल्यानं लहानपणापासून सांगत आलीय. पण ही मुलगी चार वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. रमजानमध्ये माझ्यासमोर डबा उघडायला संकोचायची, मी हजारदा सांगूनही. तिला नाही म्हणणं जमलं नाही. घरी इशा उरकली आणि रिक्षा पकडली.

आत अंधार, कडक एसी, भिंतीला लागून सोफे. समोर वीतभर उंचीचं स्टेज आणि दोन मोठे टीव्ही. वेटर आला, मी फ्रेश लाइम सोडा सांगितला. न पिणाऱ्या मुसलमानाला बारमध्ये दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला म्हणतो, ‘अरे, एका बिअरनं काय होतंय!’ दुसरा एकदम हळवा होतो, स्वतःचा ग्लास माझ्यापासून लांब सरकवतो आणि ‘तुला चालेल ना?’ असं तीन वेळा विचारतो. मला दोघंही नको असतात. त्यापेक्षा वेटर बरा. काही न बोलता लाइम सोडा ठेवून गेला.

टेबलावर जॉनी वॉकरची बाटली आली तेव्हा मी त्यांना बद्रुद्दीन काझींची गोष्ट सांगितली. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. दारुड्याची नक्कल झकास करायचे, म्हणून गुरुदत्तनं त्यांना या व्हिस्कीचं नाव दिलं आणि ते जन्मभर त्याच नावानं ओळखले गेले. स्वतः मात्र दारूला शिवत नसत. ‘म्हणजे तू पण नक्कल कर,’ एकजण म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. नंतर मला कोणी पिण्याचा आग्रह केला नाही.

मग गाणी सुरू झाली. चिठ्ठीवर गाण्याचं नाव लिहून लॅपटॉपवाल्या पोराकडे द्यायचं. नंबर आला की माइक हातात. पडद्यावर शब्द येतात, रोमन लिपीत. उर्दू शब्दांची तिथं जी अवस्था होते ती बघवत नाही. जिथं रंग बदलेल तिथं तुम्ही गायचं. पोरगा माइकवर इको सोडतो, त्यात निम्मे दोष झाकले जातात. उरलेले निम्मे टाळ्यांत. कराओकेचा एक नियम त्या रात्री मला कळला. जो सगळ्यात बेसूर गातो त्याला टाळ्या सगळ्यात जास्त. बऱ्यापैकी गाणाऱ्याच्या वेळी लोक मोबाइल बघतात.

‘तू गा ना यार. तुमच्यात तर गाणं रक्तातच असतं. रफी, कव्वाली...’

हे म्हणणारा मित्र मनानं चांगला आहे. ईदला बिर्यानी मागतो तशाच प्रेमानं त्यानं गाणं मागितलं. त्याला काय सांगणार, की आमच्यात निम्मे लोक गाणं ऐकलं की ‘तौबा’ म्हणतात. वाद्यं हराम की हलाल हा वाद हजारेक वर्षं चालू आहे. इमाम गझालींनी त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं, तरी मिटला नाही. आमच्या मिरजेत तर दोन्ही बाजू एकाच गल्लीत राहतात. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ दफन आहेत. दरवर्षी उरुसात तिथं मोठमोठे गवई हजेरी लावतात. थोड्या अंतरावर सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या मुसलमान कारागिरांची घरं. आणि त्याच वस्तीत दर जुम्याला वाद्यांच्या विरोधात बयानही होतं.

मी चिठ्ठी लिहिली. १९६० साली आलेल्या ‘चौदहवीं का चाँद’चं शीर्षकगीत. रफीसाहेबांचं. खरं सांगायचं तर अब्बांचं.

नंबर यायला अर्धा तास होता. मोबाइलवर कराओकेचं वाचत बसलो. जपानी शब्द आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं जपानी तोंडात झालेलं लघुरूप. रिकामा ऑर्केस्ट्रा. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक बारमधल्या हौशी गायकांना साथ करायचा. १९७१ साली त्यानं आपल्या साथीचं रेकॉर्डिंग वाजवणारी मशीनं तयार केली आणि बारना भाड्यानं दिली. आपल्याऐवजी मशीन. पेटंट घेतलं नाही, त्यामुळं जगभरच्या धंद्यातून त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. २००४ साली त्याला इग नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल. कशासाठी, तर माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून! मी ते वाचून टेबलावर मोठ्यानं सांगितलं. परत हशा.

पण ‘रिकामा ऑर्केस्ट्रा’ हे शब्द डोक्यातून जाईनात.

अब्बा दिवसा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आणि रात्री ऑर्केस्ट्रात. सांगली-मिरज भागातला आठ-नऊ जणांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपती, गावजत्रा, लग्नं, हळदी. अब्बा अकॉर्डियन वाजवायचे आणि रफीची गाणी गायचे. निवेदक त्यांना ‘मिरजेचे रफी’ म्हणून पुकारायचा. ढोलकीवाले काका म्हैसाळचे होते. बोंगो आणि काँगो वाजवणारे दोघं सख्खे भाऊ. सगळे एका टेम्पोत बसून जायचे आणि पहाटे परत यायचे. मी लहान असताना दोनदा-तीनदा त्या टेम्पोत, अकॉर्डियनच्या पेटीला टेकून झोपलोय.

मग एक दिवस हे सगळं थांबलं. अब्बा जमातीत जायला लागले. तीन दिवस, मग चिल्ला. दाढी वाढली. घरातला टेपरेकॉर्डर आत्याकडे गेला.

ही गोष्ट मी पुण्यात किती जणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. कॉलेजात सांगितली, ऑफिसात सांगितली, एका चर्चासत्रात तर मांडणीत वापरली. ‘माझे वडील गायचे. मग धर्मानं त्यांचा गळा बंद केला.’ ऐकणारे हळहळायचे. मुसलमान मित्र मान खाली घालायचे, हिंदू मित्र माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. गोष्ट चांगली होती. सगळ्यांना हवी तशी होती.

माझ्या आधी शेजारच्या टेबलावरचे एक साठीचे गृहस्थ उठले. बायको-मुलगा-सुनेबरोबर आले होते. त्यांनी शंकर-जयकिशनचं एक गाणं घेतलं. सुरुवातीलाच अकॉर्डियन. मी कान टवकारले. आवाज अकॉर्डियनचा होता, पण वाजवणारा माणूस त्यात नव्हता. भाता ओढताना, दाबताना आवाज जरा फुगतो, जरा बसतो, ते काही नाही. कीबोर्डचं बटण दाबून काढलेलं अकॉर्डियन. त्या काळची गाणी मोनोमध्ये रेकॉर्ड झालेली. स्टीरिओ गाण्यातून मधला आवाज वजा करायची जी जुनी युक्ती आहे ती इथं चालत नाही. म्हणून या गाण्यांचे ट्रॅक बहुतेक वेळा कुणीतरी कीबोर्डवर नव्यानं रचलेले असतात. एकटा माणूस, एक कीबोर्ड. त्यातच ढोलकी, त्यातच बोंगो, त्यातच व्हायोलिनचा ताफा.

आणि मला सांगलीचं एक मंगल कार्यालय आठवलं.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन. अब्बांबरोबर बाजारातून परत येत होतो. कार्यालयातून गाण्याचा आवाज आला म्हणून अब्बांनी सायकल थांबवली. आत स्टेजवर एक कीबोर्डवाला आणि दोन गायक. बस्स, तिघं. कीबोर्डवाल्यानं फ्लॉपी आत सरकवली आणि आख्खा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. अब्बा फाटकाशी उभे राहून पूर्ण गाणं ऐकत होते. मी कंटाळून हँडलची घंटी वाजवत होतो. एरवी ओरडले असते. त्या दिवशी काही बोलले नाहीत. घरी येऊन अम्मीला एवढंच म्हणाले, ‘अच्छा बजाता है छोकरा.’

त्या हंगामात टेम्पो आमच्या गल्लीत आला नाही. अकॉर्डियन माळ्यावर गेलं. जमात त्यानंतरची. किती नंतरची? बारच्या सोफ्यावर बसून मी बोटं मोजत होतो. मी सातवीत होतो तेव्हा कार्यालयासमोर सायकल थांबली. पहिल्यांदा तीन दिवसांसाठी अब्बा बिस्तरा घेऊन गेले तेव्हा मी नववीत. मधली दोन वर्षं संध्याकाळी अब्बा काय करायचे, हे मला आठवेना. खाटेवर बसलेले असायचे बहुतेक.

‘सर, तुमचं गाणं.’

स्टेजवर गेलो. लॅपटॉपवाल्या पोरानं विचारलं, ‘की कमी करू का सर? ओरिजिनल पट्टी वर आहे.’ मी म्हणालो, ‘राहू दे.’ अब्बा मूळ पट्टीत गायचे. एवढीच अक्कल होती मला.

पहिलं कडवं निभावलं. पडद्याकडं बघावं लागलं नाही, शब्द पाठ होते. दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज चिरकला. इकोमुळं तो चिरकाही दोनदा ऐकू आला. टेबलावरची मंडळी मोबाइलची बत्ती पेटवून हात हलवत होती. ते साठीचे गृहस्थ डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते. टाळ्या मध्यम पडल्या, म्हणजे फार वाईट गायलो नसणार.

खाली आलो तर मोबाइलवर मामेभावाचा निळा ठिपका. निघणाऱ्या मुलीनं व्हिडिओ इन्स्टावर टाकून मला टॅग केलं होतं, आणि मामेभावानं तो उचलून खानदानच्या ग्रुपवर चढवला होता. त्या ग्रुपवर छप्पन्न माणसं आहेत. त्यातल्या दोन हाफिज, एक मस्जिदीचा ट्रस्टी. व्हिडिओत माझ्यामागे बारचं काऊंटर स्वच्छ दिसत होतं, बाटल्या ओळीनं लावलेल्या, खालून दिवे. ग्रुपवर पूर्ण शांतता. कुणी ‘माशाल्लाह’ही नाही, कुणी ‘अस्तगफिरुल्लाह’ही नाही. दुसऱ्याचा पोरगा सापडला की लोक आधी त्याच्या बापाकडं बघतात.

मी लाइम सोड्याचा फोटो टाकावा का, असा विचारही करून झाला. इतका मी घाबरलो होतो, चाळिशीला आलेला माणूस.

शनिवारी सकाळी अम्मीचा फोन. आवाज नेहमीचाच. भाजी, शेजारणीचा गुडघा, पाण्याची पाळी. मग हळूच, ‘तेरे अब्बा तीन दफा देखे व्हिडिओ. कान को लगा के. ले, बात कर.’

सलाम झाला. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

‘पट्टी कायकू इत्ती उप्पर पकड्या रे?’

‘मशीन की पट्टी थी, अब्बा.’

‘मशीन को बोलने का ना, नीचे ले. रफीसाब का गला है क्या तेरा?’

‘तुम तो उसीमेंच गाते थे.’

‘मैं? हट. दो सूर नीचे गाता था मैं. तेरे को क्या मालूम, तू सोया रहता था.’ मग जरा थांबून, ‘दुसरे अंतरे को सांस टुट्या.’

‘हौ.’

‘इशा पढ्या था?’

‘पढ के गया था.’

बाटल्यांचा विषय निघाला नाही. निघेल असं वाटत होतं, म्हणून मीच मध्ये तोंड घातलं. वीस-पंचवीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘अब्बा, ऑर्केस्ट्रा कायकू छोड्या था तुम?’

‘मैं कां छोड्या? कामच बंद पड्या ना. आठ आदमी का पैसा कौन देता? एक डब्बे में सब आ गया.’

‘मेरे को लगा जमात की वजह से.’

‘जमात में तो बाद में गया मैं. शाम कू घर में बैठ के क्या करना आदमी?’

आता त्यांना मसला विचारला तर ते वाद्यं नाजायजच सांगतील, मला खात्री आहे. दर्ग्यातल्या मैफलीला गेल्या कित्येक वर्षांत गेलेले नाहीत. ते खोटं नाही. पण मी जी गोष्ट लोकांना सांगत फिरलो ती अशी नव्हती.

फोन ठेवायच्या आधी मी अकॉर्डियनचं विचारलं. माळ्यावरच आहे म्हणाले. भाता फाटलाय, दोन-तीन पट्ट्या बसल्यात.

‘मिरज में कोई दुरुस्त करता होगा ना?’

‘है ना, सतारमेकर गल्ली के बाजू को एक है. पेटीवाला.’ परत थोडा वेळ श्वास. ‘मैं पिछले साल पूछ्या था. तीन हजार बोल्या.’