एका भिंतीचं शेवाळ

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा हौज २०१८ साली बुजवला. त्या जागी नळांची रांग आली, बसायला सिमेंटचे ओटे आले. कमिटीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात हौज भरायला टँकर मागवावा लागे, आणि नळावर प्रत्येकाला वजूसाठी ताजं पाणी मिळतं. प्रश्न राहिला तो माशांचा. मोठे रोहू कुणीतरी शेतातल्या विहिरीत नेऊन सोडले. अकरा तांबडे मासे उरले. ते अब्बांनी पिंपात घालून रिक्षातून आमच्या घरी आणले. सोबत दोन घमेली शेवाळलेले दगडही.

अब्बांनी एक पैसा न घेता अठ्ठावीस वर्षं त्या हौजाची खिदमत केली होती. मी मात्र तो हौज शेवटचा पाहिला नऊ वर्षांची असताना. अस्रच्या वेळी अब्बांचं बोट धरून जायची, काठावर बसून पाण्यात हात सोडायची. मासे येऊन बोटं चोखायचे. त्यांत एक होता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. तो सगळ्यांत आधी यायचा. मग एके दिवशी अम्मी म्हणाली, "अब तू बडी हो गई, मस्जिद में नईं जाना." पुढची एकवीस वर्षं मी त्या दारावरून शाळेत गेले, आधी शिकायला आणि मग शिकवायला. आत डोकावले नाही.

त्यामुळे पिंपाचं झाकण उघडलं आणि आत कपाळावर पांढरा ठिपका दिसला तेव्हा माझं काय झालं असेल ते मी सांगत बसत नाही. हे म्हणाले, एवढी वर्षं तोच मासा कसा असेल? पण गोल्डफिशला नीट पाणी मिळालं तर वीस वर्षांच्या वरही जगतो. अब्बांना विचारलं तर ते नुसते हसले.

टाकी मोठीच हवी होती. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवतात तो त्याच्यावर जुलूम आहे. हौजात वाढलेले हे मासे वीतभर झाले होते. खातात फार आणि घाणही फार करतात. ओळखीच्या काचवाल्याकडून बारा मिलिमीटर काचेची सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी करून घेतली. म्हणजे साडेआठशे लिटर पाणी. काच, वाळू, लोखंडी स्टँड धरून वजन एक टनाच्या वर गेलं. खालच्या मजल्यावर शहाबादी फरशीची खोली होती म्हणून निभावलं.

साडेआठशे लिटर ऐकायला पुष्कळ वाटतं. हौजापुढे तो लोटाच. हनफी फिक्हमध्ये दह-दर-दह हौज, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद, वाहत्या पाण्यासारखा मानतात. त्यात थोडी घाण पडली तरी रंग, वास किंवा चव बदलत नाही तोवर पाणी पाक. लहानपणी मदरशात हे पाठ केलं होतं. अर्थ टाकी भरताना लागला: पाणी भरपूर असेल, त्यावर ऊन आणि हवा असेल, तर ते स्वतःला सांभाळतं. काचेच्या पेटीत ती जबाबदारी आपल्यावर येते.

दुकानदारानं टाकीवर बसवायचा छोटा फिल्टर दिला होता. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मग हे मुंबईला गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत चौकशी केली, जवळच्या जामा मशिदीत नमाज पढले. तिथे अजून हौज आहे, त्यात मासे आहेत, हे त्यांनी आल्या आल्या अब्बांना सांगितलं. आणि सोबत आणला ताशी चार हजार लिटरचा पंप. टाकीतलं सगळं पाणी तासाभरात चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे असा ढोबळ हिशेब. पण पंपावर लिहिलेला आकडा सपाटीचा असतो. पाणी पाच फूट वर चढवायचं म्हटलं की तो बराच उतरतो. ते आम्हाला बादली आणि घड्याळ घेऊन मोजल्यावर कळलं.

टाकीखाली तीन कप्प्यांची दुसरी टाकी ठेवली. तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपानं पहिल्या कप्प्यात उतरतं. तिथे स्पंज आणि कापसासारखी लादी. डोळ्यांना दिसणारी घाण तिथे अडते. दुसऱ्या कप्प्यात सच्छिद्र चिनीमातीच्या कड्या टाकतात. त्या महाग पडल्या म्हणून निम्म्या जागेत जुन्या कौलांचे तुकडे धुऊन भरले. तिसऱ्यात पंप, तो पाणी पुन्हा वर पाठवतो.

पहिल्याच रात्री वीज गेली. पंप थांबला, आणि वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीत खोल बुडालेलं असल्यामुळे पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागलं. फज्रला उठलो तर खोलीत घोटाभर पाणी. सायफन! आमच्या औरंगाबादच्या, २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीला मी दरवर्षी मुलांची सहल नेते. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी उभी राहून खापरी नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर कसं चढवलं ते समजावून सांगते. घरात तेच तत्त्व माझ्या गाद्या भिजवून गेलं. उपाय सोपा निघाला. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला एक बारीक छिद्र पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. तेवढं पाणी मावेल इतकी जागा संपात रिकामी ठेवायची.

अब्बांचा हट्ट होता की हौजाचे दगड न धुता संपात टाकायचे. मला ते शेवाळ बघवेना. त्यांचं मन राखायला एक घमेलं मधल्या कप्प्यात ओतू दिलं. दुसरं अंगणातल्या नळाखालच्या डोणीत पडून राहिलं. पाणी आठवड्याभरात नितळ झालं. त्याचं श्रेय मी पंपाला दिलं.

२०१९ ची रमजान ईद जूनमध्ये आली. पाहुणे येणार म्हणून घर झाडून-पुसून लख्ख केलं. फिल्टर उघडला तर आत तपकिरी चिकट गाळ. मी स्पंज, कड्या, कौलं, दगड, सगळं नळाखाली घासून काढलं. त्या दिवसांत पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. मला तो स्वच्छतेचा वास वाटला. ईदच्या दिवशी टाकी आरशासारखी चमकत होती. सगळ्यांनी तारीफ केली. मुलांनी माशांना शेवयासुद्धा टाकल्या.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. चौथ्या दिवशी चार मेले. त्यांत पांढऱ्या ठिपक्याचा होता.

मी घाबरून अब्बांना पहिलं काय विचारलं? पाणी नापाक झालं का? ते म्हणाले, "पानी का जानवर पानी में मरा तो पानी पाकच रहता, बेटी." मसला बरोबर होता. पाणी पाक होतं, साफ होतं, काचेसारखं नितळ होतं. आणि त्यात मासे मरत होते.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या सहकाऱ्यानं तपासणीचे थेंब आणून दिले. नळीतलं पाणी हिरवंगार झालं: अमोनिया. तेव्हा मला फळा आठवला. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरं त्या मानानं सौम्य. नायट्रोजनचं हे चक्र मी बी.एड. झाल्यापासून दरवर्षी बाण काढून शिकवत होते. ते जिवाणू माझ्याच घरात, त्या तपकिरी चिकट थरात राहत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. खरा फिल्टर तोच होता. पंप फक्त त्यांच्यापर्यंत पाणी नेत होता. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका दुपारी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन टाकली.

अब्बा काही बोलले नाहीत. अंगणात गेले, डोणीतलं दुसरं घमेलं उचलून आणलं आणि ते दगड ओल्या शेवाळासकट संपात ठेवले. मग खुर्चीवर बसून म्हणाले, "हौज कू मैं कब्बी पूरा धोया नईं. रमजान के पहले तीन दीवारें घिसता था, एक दीवार की काई छोड देता था. गुडघे इतना पुराना पानी भी."

"किसने सिखाया?" मी विचारलं.

"मेरे से पहले जो करते थे, वो भी छोडते थे."

आम्ही माशांचं खाणं बंद केलं, हवेचे दोन पंप लावले आणि चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी रोज निम्मं बदललं. तीन आठवड्यांनी नळीतला हिरवा रंग गेला. सात मासे वाचले.

अब्बा २०२२ मध्ये गेले. टाकी अजून आहे. दर जुम्याला दोनशे लिटर पाणी काढते, कारण नायट्रेट फिल्टरमध्ये अडत नाही, ते पाणी बदलूनच कमी होतं. एवढं पाणी काढताना मन खातं. वाहत्या नदीकाठीही इस्राफ नको अशी आपल्याला शिकवण आहे. म्हणून एक थेंब गटारात जाऊ देत नाही. मोगरा, कढीपत्ता आणि शेजारणीचा पेरू त्यावर वाढले आहेत. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळते, दोन असले तरी एका वेळी एकच. कौलं आणि दगडांना हात लावत नाही. वर्गात हा धडा आला की कौलाचा एक चिकट तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून नेते. मुली नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं, असं त्यांना सांगते.

माझी मुलगी यंदा नऊ वर्षांची झाली. शाळेतून आली की स्टुलावर चढून पाण्यात हात सोडते, मासे येऊन बोटं चोखतात. सासूबाई म्हणतात, आता मोठी झाली, पुरे कर. मी ऐकून घेते, आणि स्टूल तिथेच राहू देते.