ट्रॅक्टरच्या डेकवर ‘इव्हॉल्व्ह’

इंडस क्रीड हा मूळचा रॉक मशीन. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला, इंग्रजीत गाणारा बँड. त्यांची कॅसेट समुद्रपुरात माझ्यापर्यंत आली ती नागपूरहून, सीताबर्डीच्या फुटपाथवरून. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. कव्हरवर तिनईकर आडनाव दिसलं की उगाच आपलं माणूस वाटायचं. १९९३ मध्ये बँडनं नाव बदललं, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम काढला आणि १९९७ मध्ये गाशा गुंडाळला.

मग एकदम २०१२ मध्ये नवा अल्बम, ‘इव्हॉल्व्ह’. आठ गाणी. मिक्सिंग टिम पामरचं, म्हणजे पर्ल जॅम या अमेरिकी बँडचा ‘टेन’ ज्यानं मिक्स केला तोच. परीक्षणं वाचली, बहुतेक कौतुकाचीच. आवाज परिपक्व झालाय, जुना आरडाओरडा गेलाय, असा सूर. मला हा ‘परिपक्व’ शब्द जरा संशयास्पदच वाटतो. चाळिशी उलटलेल्या माणसाबद्दल दुसरं काय लिहिणार?

अल्बम नीट ऐकला तो हरभऱ्याला पाणी देताना. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आणि मध्ये बांधावर बसून राहायचं. एकाच कानात इयरफोन, कारण दुसरा मोटरीकडे लागलेला. व्होल्टेज पडलं की मोटर गुरगुरते, तेव्हा धावत जाऊन बंद नाही केली तर जळते. पण स्टीरिओ असा एका कानानं ऐकला की अर्धाच अल्बम हाती येतो. ‘फायरफ्लाइज’ मला आठवडाभर साधं, पोकळ गाणं वाटत होतं. डाव्या बाजूला काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

पुढे कापूस घेऊन हिंगणघाटला जाताना तेच गाणं ट्रॅक्टरच्या डेकवर लावलं. रशाद मिस्त्रीचा बेस मडगार्डमधून थेट बुडाखाली जाणवला. ‘डिझॉल्व्ह’ सुरू झालं तशी ड्रायव्हरनं मान डोलावली. जाम चौरस्ता गेला तरी तो काही बोलेना. शेवटी म्हणाला, “भाऊ, आवाज तं जबर हाये. पण याच्यात बाई कधी येते?”

बाई येत नाही म्हटल्यावर त्यानं गाणं बदललं नाही, आवाज मात्र थोडा कमी केला. परदेशी बँडांशी तुलना करणाऱ्या शहरी परीक्षकांपेक्षा मला त्याचं मत सरळ वाटलं. त्यानं ना पर्ल जॅम ऐकलेला, ना जुना रॉक मशीन. आणि खरं सांगायचं तर दोन-तीन गाणी लांबलीच आहेत, हे कुठल्याच परीक्षणात मला सापडलं नव्हतं.