देव पाण्यांत

क्रिकेटचा मोठा सामना असला म्हणजे आमच्या घरांतील तीन पिढ्या एकाच सतरंजीवर येऊन बसतात. एरवीं राजकारणापासून आमटींतील गुळापर्यंत कोणत्याहि विषयावर आमचें एकमत होत नाहीं. परंतु तेवढ्या वेळेपुरती आम्हां सर्वांची एकी अभंग असते. २९ जून २०२४ च्या रात्रीं असेंच झालें. बार्बाडोस बेटावरील ब्रिजटाउन येथें भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यांत वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता, आणि आम्ही पुण्यांत जेवणें कशींबशीं उरकून दूरचित्रवाणीसमोर बसलों होतों.

इतक्यांत दादांची नात देवघरांतून धांवत आली. "आजीनं देव पाण्यांत ठेवलेत!" असें तिनें जाहीर करतांच मोठा हशा पिकला. "मग आतां चषक आपलाच," दादा म्हणाले. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत.

त्या दिवशीं सर्वांना चिंता होती ती विराट कोहलीची. स्पर्धेंतील आधींच्या सात डावांत मिळून त्याच्या अवघ्या ७५ धांवा झाल्या होत्या. दोनदां तर तो शून्यावर बाद झाला होता. तरीहि आमच्या घरांत त्याच्याविषयीं कोणी वावगा शब्द काढला नाहीं. उपांत्य सामन्यानंतर कर्णधार रोहित शर्मा म्हणाला होता कीं, त्यानें आपला खेळ बहुधा अंतिम सामन्यासाठींच राखून ठेवला असेल. दादांना तें इतकें पटलें होतें कीं, दिवसभर ते हेंच घोळवीत होते. "अरे, गुण कुठं जात नसतात. दिवस यावा लागतो," असें ते चारचारदां म्हणाले. आणि तो दिवस खरोखरच आला. कोहलीनें ५९ चेंडूंत ७६ धांवा काढल्या.

दादा हें बोलत असतां त्यांचा धाकटा मुलगा दाराशीं टेकून बसला होता. तो अभियंता आहे. कंपनीनें माणसें कमी केलीं, त्यांत त्याची नोकरी गेली. त्याला तेव्हां चवदा महिने झाले होते. मुलाखती पांच-सहा झाल्या, पण काम कोठें जमलें नाहीं. त्यानें आपलें यश पुढच्यासाठीं राखून ठेवलें असेल, असें मात्र आमच्यापैकीं एकालाहि कधीं सुचलें नव्हतें. उलट दळण आणणें, पाहुण्यांना स्टेशनवर पोंचविणें, आजाऱ्याजवळ बसणें, सारें हळूहळू त्याच्या वांट्याला आलें होतें. "तो काय, घरींच आहे," एवढें एक वाक्य त्याला पुरे होई.

सामना पुढें असा रंगला कीं, आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धांवाच हव्या होत्या. शेवटच्या षटकांत सूर्यकुमार यादवनें सीमारेषेवर तो विलक्षण झेल घेतला आणि भारत ७ धांवांनीं जिंकला. दादांनीं शेजारच्या बिऱ्हाडकरूंना कडकडून मिठी मारली. नात म्हणाली, "आजी, आतां काढ ना देव बाहेर."

"राहूं देत," वहिनी म्हणाल्या, "सोमवार होऊं दे."

सोमवारीं मुलाची मुलाखत होती. घरांत आम्हीं इतकीं माणसें असून त्याची आठवण एकालाहि नव्हती. हंसणाऱ्यांत मीहि होतों, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत आल्या. पुतण्या गल्लींतील मुलांबरोबर वारकऱ्यांना पाणी देत उभा होता. कित्येक महिने तो चार माणसांत जाणें टाळीत असे, कारण भेटेल त्याचा पहिला प्रश्न, "सध्यां काय चाललंय?" येथें मात्र हजारों माणसें समोरून गेलीं आणि "माउली" याखेरीज कोणीं त्याला कांहीं म्हटलें नाहीं. तो संध्याकाळपर्यंत तेथून हलला नाहीं.

तें पाहतांना वाटलें, श्रद्धेचा तुटवडा आपल्या समाजांत मुळींच नाहीं. ४ जुलैला विजयी वीरांना पाहण्यासाठीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मुंगीला वाव नव्हता. दूरच्या खेळाडूवर विश्वास ठेवण्यांत आपलें कांहींच खर्ची पडत नाहीं. तो हरला तर आपण झोपीं जातों. कर्णधाराचा विश्वास निराळा होता. दर सामन्यांत तो त्याला आपल्याबरोबर सलामीला घेऊन गेला. ज्याचे हात सध्यां रिकामे आहेत, त्याची जागा राखून ठेवणें, हीच श्रद्धेची खरी कसोटी. आणि ती घरांत फार अवघड जाते.

सोमवारची मुलाखतहि निष्फळ ठरली. वहिनींनीं देव बाहेर काढले, पुसून जागेवर ठेवले आणि नेहमींप्रमाणें गंध-फूल वाहिलें. दादा त्या रात्रीं फारसें बोलले नाहींत. मंगळवारीं सकाळीं मात्र "दळण कोण आणतंय?" असें कोणीसें विचारलें, तेव्हां मुलगा उठण्यापूर्वींच दादा उठले. "त्याला अर्ज लिहायचा आहे," असें म्हणून त्यांनीं डबा उचलला आणि ते स्वतः गिरणीवर गेले.