पत आणि मुदत

धनज बुद्रुक हे कारंजा तालुक्यातील गाव. 1 जुलै 1998 रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला, तोवर ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. सोयाबीन, तूर आणि कपाशी ही येथील पिके. त्यामुळे येथील बाजाराचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि एक एप्रिललाही नाही. ते मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते. अशा गावी मी कृषी सेवा केंद्र उघडले, तेव्हा सर्वांत आधी पुढ्यात उभा राहिला तो पैशाचा नव्हे, ओळखीचा प्रश्न.

बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने निरनिराळे असतात. खताच्या परवान्यासाठी 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार पुरवठादाराचा ‘ओ फॉर्म’ जोडावा लागतो. म्हणजे दुकानात एक गोणीही उतरण्यापूर्वी ‘या माणसाला माल आम्ही देऊ’ असे कोणीतरी लिहून द्यावे लागते. नव्या दुकानदाराच्या पतीचा पहिला कागद हाच. तो मिळाला म्हणून उधारी मिळाली, असे मात्र नव्हे.

पहिला हंगाम सारा रोखीवर गेला. दुसऱ्या हंगामात घाऊक व्यापाऱ्याने कीटकनाशकांच्या बिलावर पंधरा दिवसांची मुदत दिली, मग तीस दिवसांची. बियाणे व खत रोखीनेच राहिले. मुदत देताना त्याने माझ्या शेतीवाडीची चौकशी केली नाही. दुकान भाड्याचे की घरचे, गावात किती वर्षे राहता आणि आणखी कोणाकडून माल घेता, एवढेच विचारले. शिवाय पुढील तारखेचा धनादेश घेतला. धनादेश न वटणे हा 1 एप्रिल 1989 पासून शिक्षापात्र गुन्हा आहे. तेव्हा त्या एका सहीत विश्वास आणि धाक दोन्ही एकत्र नांदत होते.

वाचकहो, या व्यवहाराचे खरे कोडे तारखांत आहे. फवारणीचे औषध श्रावणात विकले जाते. व्यापाऱ्याची मुदत भाद्रपदात संपते. सोयाबीन मात्र दसऱ्याच्या सुमारास निघते. शेतकरी सहज म्हणतो, ‘भाऊ, सोयाबीन निंगलं का पैशे देतो.’ तो खोटे बोलत नसतो. त्याचे पंचांगच वेगळे असते. या दोन पंचांगांमधले अंतर दुकानदाराने आपल्या खिशातून भरायचे. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे, तशीच देणाऱ्यासाठीही. म्हणून मी एक मर्यादा आखून घेतली: एकही शेतकरी वेळेवर आला नाही तरी व्यापाऱ्याचे निम्मे बिल स्वतःच्या रोकडीतून फेडता येईल, इतकीच उधारी गावात द्यायची.

एका वर्षी शेंगा भरल्या आणि पाऊस थांबेना. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले, काहींच्या शेंगांना कोंब फुटले. माझ्या वहीत नावे होती, जमा नव्हती. एक वयस्क शेतकरी दुकानासमोरची वाट सोडून मागच्या बोळीने जाऊ लागला. वीस वर्षांची ओळख काही हजारांच्या रकमेपायी तुटू पाहत होती.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना मी खतावणी घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. गावातील येणे त्याच्यापुढे उघडे ठेवले, निम्मी रक्कम रोख दिली आणि उरलेल्याच्या दोन तारखा लिहून दिल्या. त्याने धनादेश बँकेत न टाकता परत केला व म्हणाला, ‘तारीख टळली तर सांभाळून घेता येते, माणूस टळला की संपले.’ रब्बीचा माल त्याने रोखीनेच दिला, आणि त्यात गैर काही नव्हते. पुढील मृगात तीस दिवसांची मुदत पुन्हा सुरू झाली.

तेच वाक्य मनात घेऊन मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. मागणी केली नाही. तूर निघाल्यावर किती जमेल, एवढेच विचारले. त्याने आकडा सांगितला, मी तो वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या वाटेने आला. पैसे माघ महिन्यात आले, तेही पूर्ण नव्हे.

कायद्याने अशा देण्याघेण्याची दखल घेतली नाही, असे नाही. लघुउद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने त्यांचे पैसे अधिकाधिक पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक केले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2 जुलै 2021 रोजी किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही त्या वर्गात घेतले गेले, पण केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते. आमच्या येण्यावर ती छत्री नाही. आणि शेतकऱ्याच्या देण्याला मुदत घालणारा कायदा पाऊस तर वाचत नाही.

गावात नवे दुकान थाटणारे तरुण कधीकधी विचारतात, उधारी कशी मिळवावी? मी सांगतो: पहिला माल रोखीने घ्या, लहान बिल मुदतीआधी फेडा, एकाच वेळी चार दारांत उधारी मागू नका. आणि पैसे नसतील त्या दिवशी फोन बंद ठेवू नका. त्या दिवशी आपण होऊन त्याच्या पेढीची पायरी चढा.