शेवटच्या डब्यामागची माणसे

पुण्याकडे निघालेला दादरकर कर्जतपर्यंत बिनघोर डुलक्या घेतो आणि कर्जतला बरोबर जागा होतो, तो वड्यासाठी. गाडी तिथे वड्यासाठीच थांबते, अशी आम्हा मुंबईकरांची पिढीजात समजूत आहे. आम्ही वड्यांची पुडी सोडत असतो, त्याच वेळी गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिने येऊन भिडतात. पण तिकडे फिरकतो कोण! पुढे लोणावळ्यापर्यंत जागोजाग ३७ फुटांना एक फूट अशी चढण. पुढचे इंजिन एकटे पुरे पडत नाही, म्हणून मागून रेटायचे. या रेटणाऱ्या इंजिनांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. ‘वंदे भारत’ बँकरवाचून घाट चढते. पण सगळ्याच गाड्यांना ते भाग्य नाही.

आमच्या परळच्या चाळीतल्या तात्यांची निम्मी नोकरी या बँकरवर गेली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक लांबोडक्या नाकाचे जुने विजेचे इंजिन ठेवले आहे, ते दाखवायला त्यांनी मला एकदा मुद्दाम नेले. १९२८च्या सुमारास घाटासाठी आलेली ही जात. उभ्या जागी कण्हायची, म्हणून काय, की चाल तशी म्हणून, रेल्वेत तिला ‘खेकडा’ म्हणत. तात्यांनी त्या थंड लोखंडावर हात ठेवला आणि म्हणाले, “मास्तर, कर्जत ते लोणावळा, लोणावळा ते कर्जत. एवढाच आमचा मुलूख. आणि दिसायचे काय? शेवटच्या डब्याची पाठ!”

पावसाळ्यात तर तीही दिसत नसे. धुक्यात पुढच्या ड्रायव्हरची शिट्टी ऐकायची, आपली द्यायची आणि जोर धरायचा. कड्यावरून केव्हा दगड सुटेल याचा नेम नाही. सुटू पाहणारे धोंडे आधीच पाडायला डोंगर चढणारी रेल्वेची वेगळी टोळी असते. (आपण खिडकीतून धबधबे मोजतो, ते त्यांच्या लेखी संकटच!) तरी चालायचे. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही आपल्याला फक्त पाट्यांवरची नावे. तिथल्या केबिनमध्ये रात्र काढणाऱ्याला सोबत वानरांची.

घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली रूळ वर पोचले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येतो न येतो तोच वारला. मागे त्याची बायको अॅलिस हिने ठेका पुरा करवून घेतला. पटकीने मजूर गेले ते हजारोंनी.

मला वाटे, कठीण ती चढण. तात्या हसले. चढताना इंजिन दमते, उतरताना माणूस, असे त्यांचे म्हणणे. १८६९ साली घाट उतरणारी एक मेल आवरली नाही आणि खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनात, जिथे गाड्या दिशा बदलत, तिथे जाऊन आदळली. (ते स्टेशन १९२९ साली बंद झाले.) म्हणून घाटात एक खाशी योजना आहे. उतारावर ठरावीक जागी सांधा मुद्दामच एका आडवाटेकडे लावून ठेवलेला असतो, आणि ती आडवाट डोंगरावर चढते. गाडीने आधी पुरते थांबून दाखवायचे. मगच सांधा फिरतो आणि सरळ वाट मिळते. न थांबणारी गाडी आडवाटेने चढणीवर जाऊन अडकते. ड्रायव्हर तीस वर्षांचा मुरलेला असो, त्याच्या शब्दावर कोणी भिस्त ठेवत नाही. मला ही मोठी शहाणी रीत वाटते. २०२२ साली गार्डाचा ‘ट्रेन मॅनेजर’ झाला, ड्रायव्हर तर आधीच ‘लोको पायलट’ झालेला. सांध्याला त्याचे काही नाही.

निवृत्तीनंतर तात्यांनी प्रवासी म्हणून घाट पाहायचा हट्ट धरला. पुण्याहून परतताना मी त्यांना खिडकी दिली. लोणावळा सुटले तसे त्यांचे बोलणे बंद पडले. दरी, बोगदे, कशाकडेच त्यांचे लक्ष नव्हते. पायाखालच्या ब्रेकांचा आवाज ते ऐकत होते. मंकी हिलला गाडी थांबली. समोरचे गृहस्थ कुरकुरले, “झाले, आडरानात थांबवून ठेवली! यांना वेळेची काही किंमत?”

तात्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “थांबली. हां, आता बोला मास्तर. काय विचारत होता?”