फोटोतली गुळगुळीत बाई

ईस्टरला नात पुण्याहून आली होती. उपासना आटोपून आम्ही घरी आलो, जेवणं झाली, आणि तिनं मला अंगणात खुर्चीवर बसवून मोबाईलवर आम्हा दोघींचा फोटो काढला. मग पाय वर घेऊन सोफ्यावर बसली आणि बराच वेळ त्या फोटोवर बोटं फिरवत राहिली.

"बघ आजी, कसली छान आलीयेस!"

मी चष्मा लावून पाहिलं. नात ओळखू आली. पण तिच्या शेजारी माझीच साडी नेसून, माझाच चष्मा लावून कोणी अनोळखी बाई बसली होती. गाल अगदी लोण्यासारखे. माझ्या चेहऱ्यावरचे सगळे वण गायब!

मंडळी, ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण आहेत. नातेवाईक वाचत असतील तर त्यांना हे सांगायला नको. त्यांच्यातल्या काहींनी लहानपणी मला कोणतं नाव ठेवलं होतं, तेही माझ्या लक्षात आहे. असो, आता सगळ्यांना माफ आहे!

गंमत अशी की अठरा-वीस वर्षांची असताना असाच चेहरा मिळावा म्हणून मी रोज रात्री गुडघे टेकून प्रार्थना करत असे. पन्नासहून जास्त वर्षांनी ती प्रार्थना ऐकली गेली, तीही मोबाईलवर. आणि ऐकली गेली तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ही कोण?

"पुसून टाक तो," मी म्हटलं. जरा तोडूनच बोलले बहुतेक. पोरीचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "मग माझाही तसाच ठेवू का? खड्ड्यांसकट?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिनं आधी स्वतःचा चेहरा पुसला होता आणि मग माझा. तिला दोन-तीन वर्षांपूर्वी मुरुमांचा फार त्रास झाला. मुरुम गेले, पण खुणा राहिल्या. तिच्या चर्चमध्ये हल्ली उपासना कॅमेऱ्यावरून दाखवतात, आणि तेव्हापासून हिनं गायनमंडळात उभं राहणंच सोडलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतका गोड गळा पोरीचा!

तिला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकले नाही. शिक्षिका म्हणून इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पण खरी उत्तरं मला नेहमी उशिराच सुचतात. म्हणून हे लिहिते आहे.

मला देवी आल्या त्या १९५७ साली. मी सहा वर्षांची होते. वडील रेल्वेत होते. देवी टोचणारा घरोघर येऊन गेला तेव्हा मी मामाकडे गेले होते, आणि राहिले ती राहिलेच. त्या आजारातलं फार आठवत नाही. आई उशाशी बसून भक्तिगीतं म्हणायची, आणि शेजारच्या काकू अंथरुणाभोवती कडुलिंबाचा पाला पसरायच्या. आमच्या घरात येशूचं नाव आणि काकूंच्या घरात देवीचं, पण माझ्यासाठी दोघींचा जीव सारखाच तुटत होता. मी बरी झाल्यावर काकूच हसून म्हणाल्या होत्या, "ख्रिस्ताच्या घरातली पोर आणि तोंडावर सही मात्र देवीची!"

वडिलांना ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्यांनी मला मिरजेला नेलं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं तिथलं मिशन हॉस्पिटल म्हणजे आमच्या लोकांची पंढरीच. तिथं गेलं की सगळं बरं होतं, अशी श्रद्धा. डॉक्टरांनी माझा चेहरा हातात धरून खिडकीपाशी नेला, डोळे तपासले आणि सांगितलं, "वण जाणार नाहीत. पण डोळे वाचलेत. देवाचे आभार माना." देवीनं त्या काळी कितीतरी जणांचे डोळे जात. वडिलांनी मान डोलावली. परतीच्या मीटरगेज गाडीत ते खिडकीबाहेर पाहत बसले. किर्लोस्करवाडी गेली, कऱ्हाड गेलं, वाठार गेलं, लोणंद आलं. तोवर ते एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र डॉक्टरांनी गोळी दिली होती, मी खूश होते!

दुःख कळायला लागलं ते पुढे. फलटणला बी. ए. करताना वर्गातल्या मुली कंपासपेटीत छोटा आरसा ठेवत. मी ठेवत नसे. मग लग्नाचं वय झालं. पाहुणे आले की आई मला स्नो लावायची, त्यावर पावडर. खड्ड्यात पावडर साचून वण अधिकच दिसत. आमच्यात हुंडा नको म्हणणारे, प्रार्थनेनं बैठक सुरू करणारे लोक होते, पण नकार तेही देतच होते. एका घरानं तर निरोप पाठवला, मुलगी गुणी आहे, परमेश्वर तिच्यासाठी योग्य स्थळ तयार करीलच. म्हणजे परमेश्वरानं करावं, आम्ही नाही.

त्याच सुमारास मी शाळेत लागले. तेव्हा देवी निर्मूलनाची मोहीम जोरात होती. गावोगाव भिंतींवर रंगवलेलं असे, देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत पुढे १,००० रुपयांपर्यंत गेली. माझा पगारही तेवढा नव्हता. एके दिवशी पाचवीतल्या एका मुलानं हात वर केला. "बाई, तुम्हाला दाखवलं तर पैसे मिळतील का?"

वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, "माझ्या देवी जुन्या आहेत रे, त्यांचे पैसे मिळत नाहीत." मधल्या सुट्टीत मात्र भूगोलाचे नकाशे ठेवायच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

१९७६ सालच्या ईस्टरनंतरच्या रविवारी मी साताऱ्याला मावशीकडे होते. त्या रविवारी बहुधा थोमाची गोष्ट वाचतात. येशू पुन्हा उठला यावर थोमाचा विश्वास बसेना, हाताच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, आणि मग येशूनं त्याला त्या दाखवल्या. लहानपणापासून मी ही गोष्ट 'शंका घेऊ नये' अशा तात्पर्यासह ऐकत आले होते. त्या दिवशी एक वयस्क पाळक उपदेशाला उभे होते. ते जे बोलले त्याचा आशय एवढाच, की ज्या देवानं मरण पुसून टाकलं, त्याला हातावरच्या चार खुणा पुसता आल्या नसत्या का? पण त्यानं त्या ठेवल्या. आणि मित्रांनी त्याला ओळखलं ते त्या खुणांवरून.

आपल्या मराठी शास्त्रात त्या खुणांना 'व्रण' म्हटलं आहे. मी मराठीची विद्यार्थिनी. व्रण आणि वण हा एकच शब्द आहे, हे मला व्याकरणात शिकवलं होतं. ते माझ्याशी काही बोलत असेल, असं मात्र तोवर कधी वाटलं नव्हतं. मी बाकावर बसल्या बसल्या गालाला हात लावला. त्या हातात लाज नव्हती, असं पहिल्यांदाच घडलं.

पुढल्या वर्षी 'हे' मला बघायला आले. मी पावडर लावली नव्हती. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या आईचा चेहरा असाच होता." एवढंच. लग्न झालं. त्याच वर्षी, १९७७ साली, भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. यांची आवडती थट्टा अशी, की देवी देश सोडून गेल्या त्या वर्षी आमच्या घरी आल्या!

इथं गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण ते खोटं होईल.

१९८३ च्या नाताळात चर्चच्या मुलांचं नाटक माझ्याकडे होतं. गाव सांगत नाही. मरीयेच्या भूमिकेसाठी दोन मुली होत्या. एक काळीसावळी, उंच, सगळ्यांचे संवाद पाठ असलेली. दुसरी गोरी, वाक्यं विसरणारी. मी गोरीला मरीया केलं आणि दुसरीला डोक्याला टॉवेल बांधून मेंढपाळ. प्रयोगात मरीया वाक्यं विसरली तेव्हा मेंढपाळानंच ती मागून सांगितली. ती मुलगी एका शब्दानं बोलली नाही. माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला चांगला माहीत होता, कारण माझं सगळं बालपण मी तशाच नजरेनं लोकांकडे पाहत होते.

मी असं का केलं? आमच्या घरातल्या कॅलेंडरवर येशू गोरा, निळ्या डोळ्यांचा होता. मरीयाही तशीच. नासरेथ हे उन्हातलं खेडं, तिथली पाणी भरणारी, दळण दळणारी मुलगी गोरीपान कुठून असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात अँजेलो द फोन्सेका यांची चित्रं पाहिली. ते १९०२ साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनात शिकले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्यांनी चित्रं काढली. १९६७ साली ते वारले. त्यांची मरीया सावळी आहे, साडी नेसलेली, आपल्या घरातल्या एखाद्या लेकीसारखी. त्यासाठी गोव्यात त्यांच्यावर टीका झाली होती. ते चित्र पाहताना मला तो टॉवेल बांधलेला मेंढपाळ आठवला. माझ्या चेहऱ्याचा स्वीकार मी केला होता, पण दुसऱ्याच्या चेहऱ्याचा केला नव्हता. मग तो स्वीकार अर्धाच म्हणायचा.

केडगावला मुक्ती मिशन पाहायला गेले होते तेव्हा पंडिता रमाबाईंच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिले. आखूड केस, पांढरं लुगडं, दागिना नाही. आपल्या समाजात विधवेचं केशवपन कसं करतात, ते रमाबाईंनी १८८७ सालच्या इंग्रजी पुस्तकात जगापुढे मांडलं. बाईचा चेहरा कसा दिसावा हे तेव्हा बाकीच्यांनी ठरवायचं आणि वस्तरा आणायचा. आता वस्तरा नाही, मोबाईल आहे, आणि तो आपण आपल्याच हातानं फिरवतो. दोन्हींची बरोबरी होत नाही, कळतं मला. तरी ठरवणारे डोळे दुसऱ्याचेच, एवढं साम्य आहे.

आता नातीला सांगायचं ते सांगते.

पोरी, हा रोग देवानं मला धडा शिकवायला पाठवला, असं मी मानत नाही. रोग तो रोगच. माणसांनी लस टोचून तो जगातून संपवला, १९८० साली तसं जाहीरही झालं. माझ्यासारखे चेहरे आता संपत आलेत, आणि ते संपावेत. तुलाही औषध घ्यायचं असेल तर खुशाल घे, चांगल्या डॉक्टरकडे जा. त्याला माझा देव आड येत नाही. पण चेहरा बरा होईपर्यंत गाणं थांबवू नकोस.

दुसरं सांगते ते आपल्या लोणंदचं. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्याकडे येते, तेव्हा आपल्या दारातल्या नळावर वारकरी बायका पाणी प्यायला थांबतात, हे तू पाहिलं आहेस. काही वर्षांपूर्वी एक म्हातारी आली. डोक्यावरची तुळस खाली ठेवली, पाणी प्यायली आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिच्याही चेहऱ्यावर तेच वण.

"कवा आल्या हुत्या गं?" तिनं विचारलं.

"सत्तावन्न साली."

"माज्या धाकल्या भावाला नेलं. मला ठिवलं," ती म्हणाली, आणि ओल्याच हातानं तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली. तिचा विठोबा, माझा येशू. नाव-गावही विचारलं नाही आम्ही. पण त्या गर्दीत तिनं मला ओळखलं. गुळगुळीत गालांच्या त्या फोटोतल्या बाईला तिनं ओळखलं नसतं.

म्हणून मी त्या दिवशी तोडून बोलले. तुझ्यावर रागावले नव्हते.

नात सोमवारच्या गाडीनं गेली. जाताना तिनं मूळ फोटो, काहीही न पुसलेला, माझ्या मोबाईलवर पाठवला. फक्त मलाच पाठवलाय, बाकी कुणाला नाही. गायनमंडळात पुन्हा जाणार का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फोटो मी चौकातल्या स्टुडिओतून छापून आणला आणि कॅलेंडरशेजारी लावला आहे. उजवीकडची मी. डावीकडची ती, हसताना उजव्या गालावर दोन खुणा दिसतात, तिथं ऊन पडलंय.